लिंबेजळगावच्या अलीकडं करंट गेला

माझ्या सासऱ्यांचं माझ्याबद्दल वाईट मत होतं असं मी म्हणणार नाही. मत असायला आधी दखल घ्यावी लागते. ते तहसिलात अव्वल कारकून होते. निजामाच्या काळात उर्दूतून शिकले आणि पोलीस ॲक्शननंतर मराठीतून नोकरी केली, त्यामुळं माणसाला दोन भाषांतून कमी लेखायची त्यांची तयारी होती. राग आला की मराठी आणि कीव आली की उर्दू, असा त्यांचा रिवाज होता. माझ्याशी ते बरंचसं उर्दूच बोलत, ते मी इथं मराठीतच सांगतो.

मी गारखेड्यात राहायचो आणि शहरातल्या एका कॉलेजात अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवायचो. वीज हा माझा हातखंडा विषय. फळ्यावर बॅटरी काढायची, तारा काढायच्या, शेवटी बल्ब काढायचा. माझ्या फळ्यावरचा बल्ब पेटला नाही असं एकदाही झालेलं नाही. विद्यार्थी मला मानत. खडूच्या विजेत माझ्याइतका जाणकार अख्ख्या मराठवाड्यात नसेल.

त्या वर्षी मी एक जुनी मोटारसायकल घेतली होती. वजनाला म्हशीसारखी, आवाजाला पिठाच्या गिरणीसारखी. सीटखाली दोन्ही बाजूंना दोन पत्र्याच्या पेट्या होत्या, एकीत हत्यारं आणि दुसरीत बॅटरी. दिव्याच्या डोक्यावर चावीचं भोक आणि त्याच्या शेजारी एक इवलीशी तबकडी. तबकडीतला काटा डावी-उजवीकडं हलला म्हणजे गाडीत करंट आहे असं समजायचं. मी ते अगदी रुबाबात समजायचो.

एका रविवारी सासरे म्हणाले, "जावईबापू, गंगापूरला जाऊन येऊ. धाकटीसाठी एक स्थळ आलंय. मुलगी दाखवायच्या आधी मला घर बघायचंय."

धाकटी म्हणजे माझी मेहुणी. बी.एस्सी. झाली होती आणि बी.एड.चा अर्ज भरून बसली होती. स्थळ ऊसवाल्यांचं होतं, बागायती, गावात वजन. मेहुणीचं म्हणणं कुणी विचारलं नव्हतं, कारण ते सगळ्यांना माहीत होतं.

"एस.टी.नं जायचं का मामा?" मी विचारलं.

"एस.टी.नं? लोक काय म्हणतील? जावयाकडं गाडी असताना मी एस.टी.तून उतरू?"

माझ्या गाडीचा त्यांनी केलेला हा पहिला आणि शेवटचा गौरव.

सकाळी नऊला निघालो. मुलाकडच्यांनी अकराला बोलावलं होतं. मामा पांढरं धोतर, काळी शेरवानी आणि टोपी अशा थाटात मागं बसले. नगर नाका ओलांडला, वाळूज आलं. तिथं त्यांनी चहासाठी थांबायला लावलं. मी तोंडावर पाणी मारायला हापशाकडं गेलो, ते गाडीपाशी उभे राहिले. परत येऊन चहा घेतला आणि पुन्हा निघालो. ते मागून सांगत होते, मुलाच्या काकांशी कसं बोलायचं, म्हणजे मी बोलायचंच नाही.

लिंबेजळगावच्या अलीकडं एक खड्डा आला. तो मी चुकवला. दुसरा चुकवला नाही. गाडी जोरात आदळली आणि गिरणी एकदम बंद झाली. हॉर्न दाबला, वाजला नाही. दिवा लावून बघितला, लागला नाही. तबकडीतला काटा मधोमध जाऊन झोपला होता.

"काय झालं?" मामांनी विचारलं.

"करंट गेलाय," मी म्हणालो.

"म्हणजे तुमच्याच विषयाचं काम निघालं," ते म्हणाले. "करा मग." आणि रस्त्याकडेच्या लिंबाखाली रुमाल अंथरून, वर्गात तपासणीला आलेल्या साहेबासारखे बसले.

मी बॅटरीची पेटी उघडली. बॅटरी हलू नये म्हणून तिच्या मागं मीच कोंबलेल्या जुन्या चिंध्या होत्या, तेलानं काळ्या झालेल्या. बॅटरीच्या दोन्ही टोकांच्या तारा ओढून पाहिल्या, घट्ट होत्या. मग काचेचा फ्यूज काढून उजेडात धरला. आतली तार वितळून काचेला काळा डाग पडला होता.

मला इतका आनंद झाला की मी तो फ्यूज मामांना नेऊन दाखवला. "सापडलं! फ्यूज उडालाय."

"बरं. दुसरा असेलच."

एक होता. हत्यारांच्या पेटीत कागदाच्या पुडीत जपून ठेवलेला. मी तो बसवला. बसताक्षणी आत बारीक ठिणगी चमकली आणि काच काळी झाली. त्याचं आयुष्य माझ्या आनंदाहूनही लहान निघालं.

एवढ्यात माणसं जमली. आपल्याकडं रस्त्यावर बंद पडलेली गाडी कधी एकटी राहत नाही. बैलगाडीवाला उतरला, सायकलवरचे दोघं थांबले, शेतातनं एक म्हातारा आला. चौघांनी चार निदानं केली. म्हाताऱ्याच्या मते पेट्रोलमध्ये पाणी होतं. सायकलवाल्यातला एक म्हणाला, "प्लग काढून फुका सर." बैलगाडीवाल्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली आणि ही गाडी घ्यायलाच नको होती, असा निकाल दिला. मामांनी लिंबाखालून मान डोलावली. दिवसभरात त्यांना पटलेलं हे पहिलं मत.

दुसऱ्या सायकलवाल्यानं सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद काढून दिला. "फ्यूजला गुंडाळा. आम्ही असंच चालवतो."

भौतिकशास्त्राच्या माणसानं हे करू नये. मी केलं. कागद गुंडाळून फ्यूज बसवला. फट् आवाज झाला, धूर निघाला, आणि माझ्या बोटाला फोड आला.

"दोन पदरी घ्या की," तो म्हणाला.

मी दोन पदरीही घेतला. सारं तपशिलात सांगत नाही. दुसऱ्या बोटालाही फोड आला. पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांना मी दरवर्षी सांगायचो की फ्यूज हा रखवालदार आहे, तो मेला तर आधी चोर शोधा. आणि मी स्वतः एकामागून एक रखवालदार मरायला पाठवत होतो, तेही सासऱ्यांच्या देखत.

साडेदहा वाजून गेले होते. म्हातारा म्हणाला, "फुडं फाट्यावर मोटार वाइंडिंगचं दुकान हाय. तिथं न्या. ते हिरीवरच्या मोटारी नीट करत्यात, तुमची ही तर त्यांना खेळणं."

दीड-दोन किलोमीटर ढकलायचं होतं. मामा उठले, रुमाल झटकला आणि गाडीवर बसले.

मी त्यांच्याकडं पाहिलं.

"तोल सांभाळायला," ते म्हणाले. "नुसती ढकलली तर कलंडते."

तर असा मी गंगापूरच्या रस्त्यानं निघालो. पुढं काळ्या शेरवानीत हॅन्डल धरून सासरे, मागं घामाघूम जावई. मागून येऊन गंगापूरकडं जाणाऱ्या जीपमधली माणसं वळून वळून बघत होती. मामांनी त्यातल्या एकाला हात केला, ओळखीचा निघाला. आता ही बातमी आमच्या आधी गंगापुरात पोचणार होती.

दुकान म्हणजे पत्र्याचं शेड होतं. बाहेर पाण्याच्या जळक्या मोटारी पडलेल्या, आत तांब्याच्या तारेची भेंडोळी. एका मोटारीच्या पोटात तारेचे वेढे बसवत एक चाळिशीची बाई बसली होती. ओढणी कानामागं खोचलेली, तोंडात तारेचा तुकडा. तो काढून ती म्हणाली, "काय झालं साहेब?"

मामांनी आपली ठेवणीतली उर्दू काढली. दुकानाचे मालक कुठं तशरीफ घेऊन गेलेत, अशा थाटाची काहीतरी विचारणा केली. बाईला ती अर्धीच कळली असावी. ती म्हणाली, "नवरा हिरीवर गेलाय चाचा, मोटार सोडायला. संध्याकाळी यील."

"मग दुसरं कुणी माणूस नाही का?" मामा मराठीवर आले. म्हणजे रागावले होते.

"मी काय हाय मग?" ती म्हणाली आणि हात पुसत उठली.

मी झालेला प्रकार सांगितला. करंट गेला, फ्यूज उडाला, दुसरा टाकला तोही उडाला. चंदेरी कागदाचं मी गाळणार होतो, पण तिनं माझी बोटं बघितली. "कागद लावला व्हय? दोन पदरी?"

मी खाली बघितलं.

"फ्यूजात काय दोष नाय सर. कुठंतरी तार गाडीच्या अंगाला लागतीया. ती जवर सापडत नाय तवर तुम्ही पोतंभर फ्यूज घाला, समदे जाणार." मग सहज विचारलं, "काय काम करता तुम्ही?"

"प्राध्यापक आहेत," मामा माझ्या आधी म्हणाले. "विजेचे."

लग्नाला चार वर्षं झाली होती. माझा हुद्दा त्यांनी एवढ्या ठसक्यात त्याआधी कधी सांगितला नव्हता.

बाईनं ते ऐकून घेतलं, तेवढं सौजन्य तिच्याकडं होतं. तिनं भिंतीवरच्या खिळ्याचा एक बल्ब काढला, गाडीच्या दिव्यातलाच, त्याला दोन तारा जोडलेल्या. फ्यूजच्या जागी त्या दोन तारा लावल्या. बल्ब भसकन पेटला.

"बघा," ती म्हणाली. "चावी बंद हाय, तरी पेटला. म्हंजे करंट चोरवाटनं चाललाय. आता मी एकेक जागा हलवीन. जिथं हात लावल्यावर बल्ब विझंल, तिथं चोर."

मी त्या बल्बाकडं बघत राहिलो. फ्यूज जळत राहण्याऐवजी बल्ब पेटत राहील आणि सांगत राहील. किती साधं. आठ वर्षं मी तोच बल्ब फळ्यावर काढत होतो आणि त्याच्याकडून एवढं काम करून घ्यावं, हे मला एकदाही सुचलं नव्हतं.

तिनं हॅन्डल डावी-उजवीकडं फिरवलं. बल्ब तसाच. दिव्यामागच्या तारा हलवल्या. तसाच. सीटखालची तार दाबत दाबत मागच्या लाल दिव्यापर्यंत गेली. तसाच. मामा आता उठून जवळ आले होते. मला वाटलं, त्यांना कुतूहल वाटतंय. त्यांनी दोनदा शेरवानीचा खिसा चाचपला आणि मग एकदम चार पावलं मागं सरकले. मला त्याचं काही वाटलं नाही.

बाई बॅटरीच्या पेटीपाशी आली. मी बोललो, "तिथं मी बघितलंय, सगळं घट्ट आहे."

"बरं," ती म्हणाली आणि बॅटरीमागचा चिंध्यांचा बोळा ओढला.

बल्ब विझला.

चिंध्यांबरोबर काहीतरी ठणकन खाली पडलं. तिनं ते उचललं. अडकित्ता होता. लोखंडी, पितळी मुठीचा, मुठीवर मोराची मान. पात्याला एका बाजूनं ताजा जळका डाग. बॅटरीमागं एका जोडावरची चिकटपट्टी झिजून तार उघडी पडली होती. गाडी खड्ड्यात आदळली तेव्हा अडकित्ता घसरून एका अंगानं त्या उघड्या तारेला आणि दुसऱ्या अंगानं पत्र्याला टेकला होता.

मला वाळूजचा चहा आठवला. मी हापशाकडं गेलो होतो. मागं बसताना शेरवानीच्या खिशातला अडकित्ता मांडीला टोचत असणार. त्यांनी पेटी उघडली असणार. हत्यारांची समजून. मोराच्या मानेचा तो अडकित्ता मी त्यांच्या हातात लग्न ठरवायच्या बैठकीपासून बघत आलो होतो.

"हे कुणाचं?" बाईनं अडकित्ता वर धरून विचारलं.

मी मामांकडं पाहिलं. ते उसाच्या फडाकडं असे बघत होते की जणू त्यांना त्याची मोजणी करायची आहे. पण त्यांचा हात पुन्हा पुन्हा शेरवानीच्या रिकाम्या खिशाकडं जात होता. या माणसाला मी आयुष्यात पहिल्यांदा घाबरलेलं बघत होतो. मोटारसायकलचं काय व्हायचं ते होवो, पण मुलीच्या सोयरिकीला उशीर त्यांच्यामुळं झाला होता. तालुक्याचे सगळे सातबारे तोंडपाठ असलेला माणूस, आणि एका सुपारीपायी.

सकाळपासून मी या क्षणाचीच वाट बघत होतो, खरं तर चार वर्षांपासून. तोंडात वाक्यं तयार होती, एकाहून एक धारदार.

"माझं आहे," मी म्हणालो.

असं का म्हणालो ते मला आजही नीट सांगता येणार नाही. चांगुलपणा म्हणावा तर तेवढा माझ्याकडं नव्हता.

बाईनं माझ्या तोंडाकडं बघितलं, मग मामांच्या लालबुंद ओठांकडं. "तुम्ही पान खाता सर?"

"कधीमधी."

तिनं ओढणीचं टोक तोंडावर धरलं. खांदे हलत होते.

मामा वळले. घसा साफ केला. "जावईबापू," ते म्हणाले, "असल्या वस्तू बॅटरीपाशी ठेवू नयेत. एवढं तर शाळेतल्या पोरालाही कळतं."

"हो मामा," मी म्हणालो.

त्यांनी बाईच्या हातातून अडकित्ता घेतला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि शेरवानीच्या खिशात ठेवला. माझा अडकित्ता.

बाईनं त्या उघड्या जोडावर नवी पट्टी गुंडाळली, खोक्यातनं मोजूनमापून बरोबर ताकदीचा फ्यूज काढून बसवला. चावी फिरवली. काटा जागा झाला. मी किक मारली आणि गिरणी सुरू झाली. निघताना मी तिला म्हणालो, "हे बल्बाचं मी वर्गात दाखवीन." ती म्हणाली, "दाखवा की. पण पोरांच्या बोटांस्नी कागद नका गुंडाळू देऊ."

गंगापुरात पोचलो तेव्हा एक वाजून गेला होता. मुलाकडचे जेवून लवंडले होते. ते उठले, सावकाश. माझ्या शर्टावर माझ्याच पंजाचा काळा ठसा उठला होता. मुलाचे काका तो बराच वेळ न्याहाळत राहिले.

"जावई मेकॅनिक आहेत का?" त्यांनी विचारलं.

"प्राध्यापक आहेत," मामा म्हणाले. आवाजात पॉलिशपेपरासारखी खरखर होती. "रस्त्यात गाडी बंद पडली. त्यांनी नीट केली म्हणून आम्ही तुमच्या दारात आलो, नाहीतर आलो नसतो."

मी चहाच्या कपात बघत बसलो. मी नीट केली होती म्हणे.

"आमच्याकडं वेळ पाळतात," काका म्हणाले. "तुमच्या मुलीलाही इथं पाळावी लागंल. सकाळी चारला उठावं लागतं."

मुलगा तिथंच बसला होता. मामांनी त्याला विचारलं, "मुलगी बी.एड. करू म्हणते. तुमचं काय म्हणणं?"

"कशाला?" मुलगा म्हणाला. एवढाच शब्द.

"कळवतो" असं दोन्ही बाजूंनी म्हणून आम्ही उठलो. या शब्दाचा अर्थ मराठीत सगळ्यांना कळतो, त्यामुळं कुणी कळवलं नाही.

परतीच्या वाटेवर मामा एक शब्द बोलले नाहीत. खड्डे आले तसे माझ्या खांद्यावर हात ठेवत होते, एवढंच. घरी आल्यावर मात्र त्यांची वाचा परतली. ओसरीत सासूबाई, माझी बायको आणि मेहुणी वाट बघत होत्या. मामांनी टोपी काढून खुंटीला लावली आणि सुरुवात केली.

"यांनी काय करावं! बॅटरीच्या पेटीत अडकित्ता ठेवला! मी म्हणालो, चिंध्या काढून बघा एकदा. बघितलं तर तिथंच."

असं म्हणून त्यांनी तो अडकित्ता पुरावा म्हणून काढून मधोमध ठेवला.

तिघींनी खाली बघितलं. मोराच्या मानेचा अडकित्ता. माझ्या सासूबाईंनी तो लग्नापासून रोज जेवणानंतर त्यांच्या हातात दिला होता. माझ्या बायकोनं लहानपणी तो बाहुलीचा नवरा म्हणून खेळायला घेतला होता. त्या घरातल्या मांजरालाही तो कुणाचा ते माहीत असावं. मला पान खाताना मात्र त्या घरातच काय, कुठंही कुणी कधी बघितलं नव्हतं.

सासूबाईंनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा मामांकडं. मग उठून आत गेल्या आणि माझ्यासाठी ताट वाढून आणलं. भाकरीवर लोण्याचा गोळा एवढा मोठा होता की खालची भाकरी दिसत नव्हती. मामांच्या ताटात लोणी नव्हतं. त्यांनी ते बघितलं, आणि मुकाट जेवले.

माझी बायको घरी जाताना म्हणाली, "तुम्ही सांगितलं का नाही?"

"काय सांगायचं?" मी म्हणालो. तिनं मागून माझ्या पाठीवर डोकं टेकवलं, आणि गारखेडा येईपर्यंत तसंच ठेवलं. गाडी घेतल्यापासून तिनं असं कधी केलं नव्हतं. एरवी तिचा एक हात कायम मागच्या दांडीला असायचा, उडी मारायच्या तयारीत.

मेहुणीनं त्याच वर्षी बी.एड.ला प्रवेश घेतला. मामांनी स्वतः फॉर्मवर सही केली, उर्दूत, नेहमीप्रमाणं. तिला पुढं बिडकीनच्या बाजूला शाळेत नोकरी लागली आणि लग्न तिनं तिथल्याच एका शिक्षकाशी केलं, जो सकाळी साडेसातच्या आत उठत नाही. गंगापूरच्या सोयरिकीबद्दल ती माझ्याशी फक्त एकदाच बोलली, त्या रविवारी रात्रीच्या जेवणाआधी, मी हात धुवायला मोरीपाशी गेलो होतो तेव्हा. बोटांवरचे फोड बघून तिनं विचारलं, तेव्हा मी तिला दुकानातल्या बाईचं आणि तिच्या बल्बाचं सांगितलं. पाणी घालता घालता ती हळूच म्हणाली,

"दाजी, ती बाई एवढी हुशार होती, तर अजून दोन तास लावले असते तर काय बिघडलं असतं?"